डोंगरी नद्यांतील मासे : ओळख व रक्षण

(इयत्ता पाचवी ते सातवी. सामान्य विज्ञान व भूगोल या विषयांच्या शिक्षकांसाठी. परिसर : सावंगी (मेघे), जिल्हा वर्धा)

पाठाचा हेतू

आपल्या नदीत कोणते मासे राहतात, असा प्रश्न वर्गात विचारला असता बहुतेक मुले रोहू, कटला व मरळ अशी दोन-तीन नावे सांगतील व तेथेच थांबतील. यांपैकी रोहू व कटला हे बाजारात सर्वत्र येणारे आणि बहुधा तलावात मत्स्यबीज सोडून वाढविलेले मासे होत. परंतु हाच प्रश्न एखाद्या वयोवृद्ध ढीवरास विचारला, तर तो दहा-वीस नावे सहज सांगेल. कोणता मासा दगडाखाली बसतो, कोणता पुराबरोबर वर चढतो व कोणता आता दिसेनासा झाला, हेही सांगेल. या दोन उत्तरांमधील अंतर हाच या पाठाचा विषय आहे. ज्या माशाचे नाव गावाला ठाऊक नाही, तो नाहीसा झाला तरी गावाला त्याची वार्ता लागत नाही. म्हणून माशांचे रक्षण हे त्यांच्या ओळखीपासून सुरू होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे हा या पाठाचा हेतू आहे.

सपाट प्रदेशातील पाणी कोठून येते?

सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेले, काळ्या मातीच्या सपाट प्रदेशातील गाव. येथील मुलांस पर्वतातील माशांविषयी का सांगावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर नकाशात मिळते. शिक्षकांनी भिंतीवरील नकाशा काढून नद्यांचा मार्ग बोटाने दाखवावा. पवनार येथे परंधाम आश्रमाशेजारून वाहणारी धाम नदी पुढे वणा नदीस मिळते. वणा वर्धेस मिळते. वर्धा नदीचा उगम मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात, सातपुड्याच्या रांगेत आहे. त्याच परिसरात तापीही उगम पावते. मात्र ती पश्चिमेकडे जाऊन अरबी समुद्रास मिळते. वर्धा दक्षिणेकडे वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. त्या संगमापासून नदीला प्राणहिता हे नाव पडते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते.

आता बोट पश्चिमेकडे न्यावे. गोदावरीचा उगम नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर, म्हणजे सह्याद्रीत आहे. यावरून असे दिसून येईल की गोदावरीच्या विशाल खोऱ्याची एक मुळी सह्याद्रीत व दुसरी सातपुड्यात रुजलेली आहे आणि वर्धा जिल्ह्यातील ओढेनाले या दुसऱ्या मुळीशी जोडलेले आहेत. जिल्ह्यात उंच पर्वत नसला, तरी जिल्ह्याची मुख्य नदी पर्वतातून येते. डोंगरात नदीचे जे भले-बुरे होते, त्याचा परिणाम खाली राहणाऱ्यांस भोगावा लागतो.

वेगाच्या पाण्यात राहण्याची युक्ती

डोंगरातील ओढा व मैदानातील संथ नदी यांत मोठा भेद आहे. डोंगरी ओढ्याचे पाणी दगडांवर आपटत, फेस काढीत वाहते. त्यामुळे त्यात हवा चांगली मिसळते. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. २० अंश उष्णतामानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. प्राणवायू पुष्कळ, परंतु प्रवाह मात्र असा जोराचा की मनुष्याचा पायही ठरू नये, अशी तेथील परिस्थिती असते.

या परिस्थितीत टिकून राहण्यासाठी डोंगरी माशांच्या शरीरात अनेक बदल झालेले आढळतात. ‘मल्या’ नावाच्या लहान माशाच्या तोंडाखाली चकतीसारखा एक अवयव असतो. त्याच्या साहाय्याने तो दगडाला चिकटून बसतो व दगडावरील शेवाळ खरवडून खातो. शिंगटीच्या कुळातील काही डोंगरी माशांच्या छातीवर कातडीच्या बारीक घड्या असतात. त्या ओल्या खडकावर घट्ट धरून राहतात. मुरा या नावाने ओळखले जाणारे छोटे, लांबट मासे दगडांच्या फटीत व वाळूच्या आडोशाला राहतात. पुण्याच्या परिसरातून १८७२ साली वर्णन केलेल्या अशाच एका मुऱ्याचे आप्त छत्तीसगडमधील जगदलपूरजवळच्या कुटुमसर गुहेत राहतात. तेथे प्रकाश नसल्यामुळे त्यांचे डोळे क्षीण झाले असून अंगाचा रंगही फिकट झाला आहे. परिस्थिती प्राण्याला कशी घडविते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

येथे शिक्षकांनी एक मुद्दा स्पष्ट करावा. जो प्राणी एका विशिष्ट जागेसाठी असा घडला आहे, तो ती जागा बदलली की सहसा दुसरीकडे जाऊ शकत नाही. दगडाला चिकटून राहणाऱ्या माशाला गाळाने झाकलेला दगड निरुपयोगी आहे. ओढ्यातील दगड-वाळू उपसून नेली अथवा त्यावर मातीचा थर बसला, तर पाणी तेवढेच असूनही त्या माशाचे घर मोडते.

हिमालय, सातपुडा आणि सह्याद्री

एक कोडे शास्त्रज्ञांस दीर्घकाळ पडले होते. पूर्व हिमालयातील वेगवान ओढ्यांत जसे मासे आढळतात, त्यांच्याच कुळातील मासे दक्षिणेकडे सह्याद्रीच्या ओढ्यांतही आढळतात. मधला प्रदेश मात्र सपाट व उष्ण आहे. दगडाला चिकटणारे हे मासे मैदानातील संथ व गढूळ नद्या ओलांडून गेले कसे?

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी याचे एक उत्तर सुचविले. पूर्वी विंध्य-सातपुड्याच्या रांगा आजच्याहून उंच व अधिक पावसाच्या असाव्यात आणि त्यांच्या ओढ्यांतून हे मासे पूर्वेकडून टप्प्याटप्प्याने सह्याद्रीत पोहोचले असावेत, असे त्यांचे मत होते. हे मत ‘सातपुडा सिद्धान्त’ या नावाने प्रसिद्ध आहे. १९४९ साली या विषयावर शास्त्रज्ञांचा एक परिसंवादही झाला. पुढे प्राण्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास होऊ लागला, तेव्हा सर्वच प्राण्यांना हे उत्तर लागू पडत नाही असे आढळले. काही जातींमधील साम्य एकाच प्रकारच्या प्रवाहात राहिल्यामुळे आलेले असू शकते. सिद्धान्त मांडणे, तो तपासणे व जरूर तेथे सुधारणे हीच शास्त्राची रीत होय. तथापि वर्धा नदीला जन्म देणारा सातपुडा हा जगाच्या प्राणिशास्त्रातील एका मोठ्या प्रश्नाच्या मध्यभागी आहे, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी.

मराठी नावे शास्त्रात कशी गेली?

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील माशांचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केला. मुंबई सरकारने १८२४ साली त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपविले होते. त्या निमित्ताने फिरत असता त्याने पुणे व आसपासच्या नद्यांतील मासे जमविले आणि १८३९ ते १८४१ या काळात चाळीसहून अधिक जातींची वर्णने लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

या कामाचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुष्कळशा नव्या जातींना साइक्सने जी नावे दिली, ती मराठी कोळी-भोयांच्या तोंडची होती. खुद्री, कोळस, मल्या, बोगट, शिंगटी, नुक्ता ही नावे लॅटिन पेहराव चढवून शास्त्रात दाखल झाली व आजही बहुतेक तशीच चालतात. जगातील कोणत्याही देशातील प्राणिशास्त्रज्ञ दख्खनच्या महसीर माशाविषयी लिहितो, तेव्हा तो ‘खुद्री’ हा मराठी शब्दच लिहीत असतो. नदीकाठच्या निरक्षर माणसाचे ज्ञान शास्त्राने प्रमाण मानले, याचा हा पुरावा आहे.

परंतु याच नावांच्या मागे एक खेदाची हकीकतही आहे. साइक्सने खुद्री मासा मिळविला तो पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रात. ही नदी पुढे भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. महसीर हा स्वच्छ, वाहत्या व प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहणारा मासा आहे. शहराजवळच्या त्या पात्रात आज त्याला राहण्याजोगे पाणी उरलेले नाही. शहराच्या सांडपाण्याने ते पात्र दूषित झाले आहे. म्हणजे ज्या ठिकाणाने या माशाची ओळख जगाला करून दिली, ते ठिकाणच त्याला मुकले आहे. नाकाडावर उंचवटा असलेला नुक्ता हा मासाही जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील उदाहरण तर याहून गंभीर आहे. नाशिकजवळ देवळाली येथे दारणा नदीत सापडलेल्या एका चिमुकल्या डोंगरी माशाचे वर्णन होरा व मिश्र यांनी १९३८ साली केले. तो आज अतिसंकटग्रस्त गणला जातो, म्हणजे कायमचा नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे.

गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या पश्चिम घाटात गोड्या पाण्यातील माशांच्या सुमारे २९० जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी सुमारे १८९ जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. अशी जात घाटातून गेली म्हणजे ती पृथ्वीवरूनच गेली.

हानीची कारणे

पहिले कारण धरणे व बंधारे. महसिरासारखे मासे पावसाळ्यात पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात व गोट्या-वाळूच्या उथळ पात्रात अंडी घालतात. आडवी भिंत आली की ही वाट बंद होते. शेती व पिण्याचे पाणी यांसाठी धरणे आवश्यक आहेत हे खरे. परंतु त्यांची ही दुसरी बाजूही मुलांस माहीत असावी.

दुसरे कारण चढणीच्या माशांची शिकार. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासे ओढ्यांत व शेतांत चढू लागतात, तेव्हा ते पोटात अंडी घेऊन आलेले असतात. त्या वेळी ते हाताने देखील पकडता येतात. म्हणूनच ही शिकार सर्वांत घातक ठरते. एक मासा धरताना त्याची हजारो पिल्ले जन्मापूर्वीच नष्ट होतात.

तिसरे कारण विष, सुरुंगाची दारू व विजेचा प्रवाह यांचा वापर. उन्हाळ्यात डोहात विष कालवले असता लहान-मोठे सर्वच जीव मरतात. तेच पाणी गुरे व माणसेही पितात. पाण्यात स्फोटक अथवा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच मनाई केली होती, इतका हा दोष जुना आहे.

चौथे कारण वाळूचा बेसुमार उपसा व पाचवे सांडपाणी, यांचा उल्लेख वर आलाच आहे.

सहावे कारण परके मासे. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो लवकर वाढतो व वारंवार वितो; स्थानिक माशांचे अन्न व जागा तो बळकावतो. थाई मांगूर या नावाने विकला जाणारा मासाही मूळचा आफ्रिकेतीलच असून तो अत्यंत खादाड आहे. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली.

परका मासा परदेशातूनच येतो असे मात्र नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकात महसिराची कृत्रिम पैदास सुरू झाली. हे काम महत्त्वाचे होते, कारण घटत चाललेला मासा त्यामुळे हाती राहिला. परंतु दख्खनच्या या महसिराचे बीज दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. तेथे कुबड असलेला, केवळ कावेरीच्या खोऱ्यातच आढळणारा एक महसीर पूर्वीपासून राहत होता. नव्या माशाची संख्या वाढत गेली व जुना मागे हटला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. सद्हेतूने सोडलेला मासाही चुकीच्या नदीत गेला तर अपाय करतो, हा धडा त्यातून मिळतो.

लोकांनी राखलेले डोह

रक्षणाची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात व गावकरी ते धरीत नाहीत, धरू देत नाहीत. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे येथे महादेवाच्या मंदिरालगतच्या डोहातील मासेही असेच राखलेले आहेत. या ठिकाणी मोठे महसीर काठावरून पाहावयास मिळतात. देवराईने जसे वृक्ष राखले, तसे या देवडोहांनी मासे राखले.

तथापि एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. डोह हे माशाचे केवळ बसण्याचे ठिकाण आहे. त्याची अंडी घालण्याची जागा वरच्या बाजूस, उथळ पाण्यात असते. डोह राखला आणि वरचे पात्र उपसले अथवा वरून विष सोडले, तर डोहातील मासेही फार काळ टिकणार नाहीत. म्हणून रक्षण करावयाचे ते संपूर्ण नदीचे. ही जबाबदारी एका देवस्थानाला पेलणारी नसून ती नदीकाठच्या प्रत्येक गावाने वाटून घ्यावयाची आहे.

या कामी मासेमार समाजाला दोषी ठरविण्याची चूक करू नये. ढीवर व भोई यांचा निर्वाह नदीवर चालतो. नदी रिकामी झाली तर पहिला घास त्यांच्याच ताटातून जातो. पिढ्यान्‌पिढ्या जमलेले माशांविषयीचे ज्ञानही त्यांच्याजवळ आहे. शाळेने ते ज्ञान आदराने मागावे.

वर्गात करावयाचे काम : शाळेची मत्स्यवही

प्रत्येक शाळेने एक जाड वही घेऊन तिच्यात पुढील रकाने आखावेत : (१) माशाचे स्थानिक नाव, (२) नाव सांगणाऱ्याचे गाव व अंदाजे वय, (३) मासा कोठे मिळतो (नदी, ओढा, तळे, धरण), (४) कोणत्या महिन्यात मिळतो, (५) अंगावरील खुणा (मिशा, खवले, ठिपके, तोंडाची ठेवण), (६) पूर्वी मिळत असे व आता मिळत नाही काय, (७) नसल्यास कोणत्या सुमारापासून.

आठवड्याच्या बाजारात मुलांनी शिक्षकांसमवेत जाऊन विक्रीस आलेल्या माशांची नावे विचारावीत व चित्रे काढावीत. घरातील व शेजारची वडील मंडळी सांगतील ती नावे, ती कितीही वेगळी वाटली तरी, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहावीत. पुस्तकातील नावाशी जुळत नाही म्हणून एकही नाव खोडू नये. साइक्सने अशी नावे लिहून ठेवली नसती, तर ती आज उरली असती की नाही याची शंकाच आहे. वहीसाठी मासे मारू नयेत. जिवंत मासा पाहावयाचा झाल्यास तो काचेच्या बरणीत थोडा वेळ ठेवून त्याच पाण्यात परत सोडावा. पावसाळ्यात, तसेच खोल डोहाजवळ मुलांस मोठ्या माणसांवाचून जाऊ देऊ नये. घरी काचेच्या पेटीत पाळलेले मासे नदीत अथवा विहिरीत सोडू नयेत, ही सूचना मुलांस विशेष करून द्यावी.

वही दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवावी. पाच-दहा वर्षांत तिच्यावरून कोणता मासा टिकून आहे व कोणता हटत आहे, हे कळू लागेल. सहाव्या रकान्यात ज्या माशापुढे ‘आता मिळत नाही’ असे लिहावे लागेल, त्याची माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

प्रश्न

१. धाम नदीचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून गोदावरीस मिळते? नकाशा काढून दाखवा.

२. मल्या मासा वेगाच्या प्रवाहात वाहून का जात नाही?

३. डॉ. होरा यांचा सातपुडा सिद्धान्त थोडक्यात सांगा. त्यावर पुढे कोणती शंका घेण्यात आली?

४. चढणीचे मासे धरणे घातक का आहे?

५. कावेरीत दख्खनचा महसीर सोडल्याने काय झाले?

६. आपल्या आजी-आजोबांस ठाऊक असलेल्या पाच माशांची नावे लिहा. त्यांपैकी किती मासे तुम्ही स्वतः पाहिले आहेत?